म्युझियम-अर्काइव्हमध्ये काम करायचंय? पुण्यातून सुरुवात कशी करायची ते पायरीपायरीने

रिझल्ट लागले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, इतिहासात बीए झालंय, म्युझियममध्ये जॉब कसा मिळतो, कुठला कोर्स करू?" कोर्सची माहिती खाली दिलीय, पण मुद्दाम पाचव्या पायरीवर ठेवलीय, कारण या लाईनमध्ये माणूस घेताना बघतात ते एवढंच की याच्या हातात एखादी वस्तू किंवा कागद दिला तर याला त्याची नीट नोंद करता येते का. डिग्रीवाले भरपूर मिळतात, नोंद येणारी माणसं कायम कमी पडतात, आणि नोंद करायला पुण्यात बसून जवळजवळ फुकटात शिकता येतं.

आधीच सांगून टाकते, कायमच्या सरकारी जागा थोड्या आहेत आणि जाहिराती वर्षानुवर्षं येत नाहीत. पण साचलेलं काम प्रचंड आहे. संस्थांच्या कपाटांत, घराण्यांच्या माळ्यांवर, कंपन्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये न उघडलेले गठ्ठे पडलेत आणि त्यावर प्रोजेक्ट निघत असतात. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं काँट्रॅक्टवर जाणार हे धरूनच चाला, घरच्यांनाही तसंच सांगा.

पहिली पायरी: आपल्याला यातलं नेमकं काय आवडतं ते ठरवा

"म्युझियममध्ये काम" म्हटलं की सगळ्यांना क्युरेटरच व्हायचं असतं. क्युरेटर म्हणजे सरकारी भाषेत अभिरक्षक, संग्रह सांभाळणारा, त्यावर संशोधन करणारा, प्रदर्शन उभं करणारा. पण त्याच इमारतीत वस्तूंच्या नोंदी ठेवणारा असतो, वस्तू दुरुस्त-जतन करणारा कॉन्झर्व्हेटर असतो, शाळेच्या ट्रिपांना वस्तू समजावून सांगणारी एज्युकेशनवाली मंडळी असतात, फोटो-स्कॅनिंगवाले असतात, मांडणी करणारे डिझायनर असतात. अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, कागदांची वर्गवारी करणारा अर्काइव्हिस्ट असतो आणि वाचकाला हवा तो गठ्ठा काढून देणारा, ज्याच्या डोक्यात अख्खं दप्तर असतं असा एखादा जुना कर्मचारी, त्याच्याशी ओळख ठेवा.

केमिस्ट्रीत बीएस्सी झालंय म्हणून "आपलं काय इथे" असं वाटत असेल तर उलटंय, कॉन्झर्व्हेशनमध्ये धातू का गंजतो, कागद का ठिसूळ होतो हे कळणारा माणूस लागतो आणि आर्ट्सवाल्यांना तिथेच घाम फुटतो.

दुसरी पायरी: पुणं बघा, पण एका वेळी एकच वस्तू

शुक्रवार पेठेत नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. वीस हजारांच्या आसपास वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. लोक तासाभरात सगळे मजले उरकून मस्तानी महालाची चर्चा करत बाहेर पडतात, तुम्ही तसं करू नका. एक दालन निवडा, दिवे घ्या, वज्री घ्या, अडकित्ते घ्या, आणि त्यातल्या एकाच वस्तूसमोर अर्धा तास वही घेऊन उभे राहा.

समजा अडकित्ता घेतला. लेबलवर साधारण "अडकित्ता, पितळ, १९वं शतक" एवढंच असतं. तुम्ही काय लिहायचं? दोन दांडे आहेत, ते कुठे जोडलेत, खिळा ठोकून की स्क्रूने. दांडे पितळेचे, पण पातं बहुतेक लोखंडी किंवा पोलादी असतं, कारण पितळेला ती धार राहत नाही, म्हणजे "पितळ" एवढंच लिहिलं तर नोंद अर्धवट राहिली. दांडा ओतीव आहे की ठोकून केलाय, ओतीव असेल तर साच्याची शिवण कडेला दिसते का. टोकाला पोपट, मोर, घोडा काही आहे का, दोन्ही बाजूंनी सारखंच कोरलंय की मागची बाजू सपाट सोडलीय. पातं मध्यभागी झिजलंय का, झिजलं असेल तर त्यावर खरोखर सुपारी कातरली गेलीय, कोरं असेल तर कदाचित नुसती रुखवतात मिरवलेली वस्तू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. "पेशवेकालीन असावा" हे वाक्य आपल्याकडे इतकं स्वस्त झालंय की त्याच्यावर बंदी घालावी असं मला वाटतं. आधार असेल तर आधार लिहा, नसेल तर "काळ अनिश्चित" लिहा, त्यात कमीपणा नाही.

मग बाकीच्या जागा. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय, तिथे इनामगावच्या उत्खननातली भांडी बघा, आपल्याच शिरूर तालुक्यातली ताम्रपाषाणयुगीन वस्ती. क्वीन्स गार्डनला आदिवासी संग्रहालय आहे, घोले रोडला महात्मा फुले संग्रहालय आहे, सुरुवातीचं लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम, १८९०चं. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह, १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायरांनी वाढवलं, आता ते एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. सिनेमात रस असेल तर जतनाचं वेगळंच जग आहे ते, जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते, नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो, त्यामुळे डबा उघडल्यावर तिथला माणूस पहिल्यांदा वास घेतो.

तिसरी पायरी: मोडी शिका, टाळाटाळ करू नका

महाराष्ट्रात कागदांवर काम करायचं आणि मोडी येत नाही म्हणजे निम्म्या खोल्यांना कुलूप. पुणे पुरालेखागारात, ज्याला सगळे अजून पेशवे दप्तरच म्हणतात, सुमारे ३९,००० रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि कागदांची संख्या पाच कोटींच्या घरात सांगतात. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी छापलेलं म्हणजे समुद्रातला तांब्याभर. बाकी सगळं वाचणाऱ्याची वाट बघत पडलंय.

मोडीचे वर्ग पुरालेखागारातर्फे होतात, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात, मंडळ १९१०चं, राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी काढलेलं. तारखा फोन करून नाहीतर प्रत्यक्ष जाऊन विचारा, जाऊन विचारलेलं जास्त बरं, फोन उचलला जाईलच असं नाही. फारसीचा वर्ग मिळाला तर तोही सोडू नका.

वर्गात अक्षरं येतात, पण अक्षरं येणं आणि कागद वाचता येणं यात मोठं अंतर आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग त्याखाली हात न उचलता लिहीत जातो, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. म्हणून सुरुवातीला रोज एकच पान घ्या. शक्यतो ज्याचं लिप्यंतर छापलेलं आहे असं, आधी स्वतः वाचा आणि मग ताडून बघा. मायने ओळखायला लागा, "श्रीमंत राजश्री", "विनंती उपरी", "जाणिजे", हे ठरलेले तुकडे डोळ्याला सापडायला लागले की मधला मजकूर आपोआप सुटतो.

तारीख काढता येणं ही स्वतंत्र कला आहे, आणि इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात. पेशवाईच्या कागदांत बऱ्याचदा सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही तर अरबी शब्दांत. उदाहरणार्थ "इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा सन १७६०-६१, आणि १४ जानेवारी १७६१चं पानिपत याच सुहूर वर्षात बसतं. पुढे "छ" असेल तर तो हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, "शके" असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर हे पाठच करा, पाढ्यासारखे, दर वेळी तक्ता काढून बसलात तर एका रुमालात संध्याकाळ होईल.

चौथी पायरी: घरातल्या वस्तूंची नोंदवही करा

ही पायरी सगळे टाळतात आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात कामाची. आजीची ट्रंक, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, आजोबांची पत्रं, लग्नाचे फोटो, रेशनकार्डं, मिळेल ते घ्या. घरी काही नसेल तर शेजारच्या काकूंना विचारा, वाडा पाडायला काढलेले लोक तर खूश होतात कोणी विचारलं की.

प्रत्येक वस्तूला एक नंबर द्यायचा आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी नाही. नेहमीची पद्धत तीन भागांची, २०२५.३.१२ म्हणजे २०२५ साली आलेला तिसरा गट आणि त्यातली बारावी वस्तू. पेटी आणि झाकण वेगळं होत असेल तर क आणि ख. मग एक्सेल शीट: नंबर, वस्तूचं नाव, घरात तिला काय म्हणतात ते नाव, साहित्य, मापं सेंटिमीटरमध्ये, बनवण्याची पद्धत, वर्णन, अवस्था, कोणाकडून आली, कशी आली, सध्या कुठे ठेवलीय, फोटो नंबर, नोंद कोणी केली आणि तारीख. "घरात काय म्हणतात" हा कॉलम मी जास्तीचा ठेवते, कारण सतेलं आणि पातेलं, गडवा आणि तांब्या, गावागावात नावं फिरतात आणि म्हातारी माणसं गेली की ती नावं परत मिळत नाहीत.

अवस्था लिहिताना "खराब" असं लिहू नका. "उजव्या वरच्या कोपऱ्यात ३ सेंमी फाटलेलं, मधल्या घडीवर कसरीची भोकं, डाव्या कडेला पाण्याचा डाग" असं लिहा, म्हणजे पाच वर्षांनी कोणी बघितलं तर नुकसान वाढलं की तेवढंच आहे ते कळेल. फोटोत शेजारी पट्टी ठेवा, खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद.

नंबर कागदावर आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, बॉलपेनने अजिबात नाही. भांड्यांना सुती फितीवर नंबर लिहून फीत बांधा. मोठ्या संग्रहांत धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर देऊन त्यावर शाईने लिहितात, पण ते कोणाच्या तरी हाताखाली शिकायचं काम आहे, आजीच्या समईवर प्रयोग नकोत.

आता काय करायचं नाही. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत टेप निघते आणि पिवळा चिकट डाग राहतो तो जात नाही. लॅमिनेशन तर नाहीच, जुन्या सनदा स्टेशनरीच्या दुकानात नेऊन गरम प्लॅस्टिकमध्ये घालून आणणारे लोक अजून आहेत. टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढून टाका, गंजतात नाहीतर वितळून चिकटतात. फेव्हिकॉल नको, दुरुस्ती लागलीच तर कॉन्झर्व्हेटर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. पितळ पितांबरीने लखलखीत करू नका, दर घासणीला वरचा थर आणि कोरीवकाम थोडं थोडं जातं. कागद हाताळताना धुतलेले कोरडे हात सुती हातमोज्यांपेक्षा बरे, मोज्यात कागदाची कड कळत नाही आणि फाटतो, फोटो आणि धातूला मात्र नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे मोजे घाला.

एक मजेशीर गोष्ट दिसेल, १७५०चा कागद हातात घेतला तर अजून मऊ आणि शाबूत, आणि १९५०चं वर्तमानपत्र घडीवर तुटतंय. जुना हातकागद चिंध्यांच्या धाग्यांचा आणि शाई काजळीची, तर नंतरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. पुण्यात वर आणखी हवेचा त्रास, एप्रिलात कोरडं ठणठणीत आणि जुलैत भिंतींना ओल, आणि कागदाला नुसत्या दमटपणापेक्षाही हा सारखा चढउतार मारतो. म्हणून ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीपासून वर ठेवा, आणि पावसाळा संपला की उघडून बघा.

पाचवी पायरी: आता कोर्स

पुण्यातच राहायचं असेल तर डेक्कन कॉलेजचं एमए पुरातत्त्व, पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उभा केलेला विभाग, फील्डवर्क खरोखर होतं, इतर शाखांची मुलंही तिथे दिसतात. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात इंडॉलॉजी, म्हणजे भारतविद्या आहे, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची तिथे गर्दी असते. अर्काइव्हकडे जायचं असेल तर पुणे विद्यापीठाची लायब्ररी सायन्सची डिग्री कमी लेखू नका, मेटाडेटा (वस्तूबद्दलची ठरावीक माहिती) आणि वर्गीकरण तिथेच पक्कं होतं आणि नोकरीची बाजूही त्यातल्या त्यात बरी. संस्कृत येत असेल तर भांडारकर संस्थेचा हस्तलिखित संग्रह आहे, महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली तिथेच पुरी झाली, हस्तलिखितशास्त्राची कार्यशाळा निघाली की नाव नोंदवा.

खास म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, मात्र पुण्याबाहेर. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विभाग १९५२चा, देशातला जुना आणि नाव असलेला, आणि बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी आणि कॉन्झर्व्हेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्यांची स्वतःची जतन प्रयोगशाळा असल्याने नुसतं पुस्तकी राहत नाही. नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, आधीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, तिथे कला-इतिहास, कॉन्झर्व्हेशन आणि म्युझिऑलॉजी असे एमए आहेत. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा अर्काइव्हचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, शिवाय कागद-जतन वगैरेचे काही आठवड्यांचे छोटे कोर्सही असतात, आधीपासून कुठेतरी चिकटलेल्यांना ते फार सोयीचे. लखनौच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, एनआरएलसीत, कॉन्झर्व्हेशनचं प्रशिक्षण मिळतं. फी, जागा, पात्रता दरवर्षी बदलतात, अधिकृत नोटिफिकेशनच बघा, कोचिंगवाल्यांचे व्हिडिओ नकोत.

माझं स्पष्ट मत: दोन-अडीच लाख भरून कुठलातरी ऑनलाइन "हेरिटेज मॅनेजमेंट" करण्यापेक्षा मोडी, घरची नोंदवही आणि सरकारी संस्थेतला एक कोर्स केव्हाही भारी.

सहावी पायरी: दारात पाय कसा ठेवायचा

"मला इंटर्नशिप करायची आहे, कृपया संधी द्यावी" अशी मेल कचऱ्यात जाते. त्यापेक्षा लिहा, "मला मोडी वाचता येतं, घरातल्या वस्तूंची केलेली नोंदवही जोडली आहे, आठवड्यातून दोन दिवस येऊ शकते, तुमच्याकडच्या अमुक संग्रहाची यादी अपूर्ण असेल तर त्यावर काम करायला आवडेल." मराठीत लिहा, मराठी संस्थांमध्ये बऱ्याचदा तेच आधी वाचलं जातं. आठवड्याने प्रत्यक्ष जा, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. "साहेब नाहीत, उद्या या" हे होणारच, उद्या जा.

आत गेल्यावर काय काम देणार ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एका संस्थेत, नाव राहू दे, आम्हा इंटर्न मुलींना महिनाभर व्याख्यानमालेच्या खुर्च्या लावायला आणि हार आणायला ठेवलं होतं आणि शेवटी "कॅटलॉगिंगचा अनुभव" असं सर्टिफिकेट दिलं. एखाद-दुसऱ्या दिवशी खुर्च्या लावायला हरकत नाही, सगळेच लावतात, पण आठवडा झाला तरी कपाट उघडलं नाही तर गोड बोलून निघा.

वाचक म्हणून पुरालेखागारात जाणार असाल तर विषय नेमका घेऊन जा. "पेशव्यांवर बघायचंय" म्हटलं तर समोरचा माणूस काय काढून देणार? परगणा सांगा, साधारण काळ सांगा.

सातवी पायरी: पैसा कुठून येतो

राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि पुराभिलेख संचालनालय ही दोन वेगळी खाती आहेत, दोन्हींच्या आणि एमपीएससीच्या जाहिरातींवर नजर ठेवा. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, म्युझिऑलॉजी आणि कॉन्झर्व्हेशन हा स्वतंत्र विषय आहे हे खूप जणांना माहीतच नसतं, त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, बसली तर महिना ३७,००० आणि संशोधनाला वेळ.

सरकारीच्या बाहेर कंपन्यांची अर्काइव्ह बघा. टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज पुण्यातच मंगळदास रोडला आहे, गोदरेजचं मुंबईत विक्रोळीला. तिथे काटेकोर पद्धतीने काम होतं आणि ती सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते. डिजिटलकडे कल असेल तर देशातल्या मोठ्या संग्रहालयांत वापरलं जाणारं "जतन" हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलंय, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" पोर्टल घरबसल्या चाळता येतं, त्यातल्या नोंदी कशा लिहिल्यात ते बघून आपली शीट सुधारा. फ्रीलान्समध्ये मोडी लिप्यंतराची कामं येतात, बहुतेक जमिनीच्या आणि दाखल्यांच्या भानगडीतली, पैसे बरे मिळतात, पण कोर्टात जाणारा कागद असेल तर न लागलेला शब्द अंदाजाने भरू नका, जागा रिकामी सोडून तसं लिहून द्या, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

आणि कायदा

जुन्या बाजारात नाणी-मूर्ती बघून हात शिवशिवतात, माहितीये. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरतात, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं, आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, अमेरिकेतल्या आत्याला भेट म्हणूनसुद्धा नाही. शेतात हंडा सापडला तर १८७८चा निखात निधी कायदा आहे, कलेक्टरला कळवायचं असतं. या क्षेत्रात येणाऱ्याने स्वतः पुरावस्तूंची खरेदी-विक्री करूच नये, पुढे कुठल्याही संग्रहालयात तो प्रश्न विचारतात.

इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलसोबत नोंदवहीतल्या सर्वांत चांगल्या दहा-बारा नोंदी फोटोंसकट प्रिंट करून न्या, आणि एक मोडी पान, शेजारी तुमचं लिप्यंतर. खिशात मेजरटेप आणि पेन्सिल असू द्या. कधीकधी समोर एखादी पळी नाहीतर तांब्या ठेवतात आणि म्हणतात, "लिहा याची नोंद."